निलगिरी आणि धुरपदाआत्यांचा दोर

धुरपदाआत्या रोज सकाळी चूळ भरायच्याही आधी आडात दोर सोडत. दोराच्या टोकाला दगड बांधलेला आणि हात-हात अंतरावर गाठी मारलेल्या. दगड तळाला टेकला की दोर वर ओढायचा, ओल्या झालेल्या गाठी मोजायच्या आणि भिंतीवरून मला ओरडून सांगायचं, "गुरुजी, आज नऊ." मी तोंडात ब्रश धरून मान हलवायचो. आत्यांच्या घरात घड्याळ नव्हतं. त्यांचा दिवस या आकड्यावर सुरू व्हायचा.

मी सुप्याला शिक्षक म्हणून आलो ती नव्वदीनंतरची पहिली वर्षं. आमचं आणि आत्यांचं परस लागून होतं आणि मधल्या भिंतीखाली आड, अर्धा त्यांच्याकडं, अर्धा आमच्याकडं. दोन्ही घरांचं पिण्याचं पाणी तेवढंच. आत्यांच्या घरची मेंढरं कधीच विकली गेली होती, मुलगा बारामतीला कामाला, त्या एकट्या. मी हौसेनं पेरू लावला, जास्वंद लावली. उन्हाळ्यानं दोन्ही जाळली. मग रोपवाटिकेतल्या माणसानं निलगिरीचं रोप हातात ठेवलं. "दोन उन्हाळे जगवा आणि विसरून जा," म्हणाला. मी विसरायच्या आत ती पत्र्याच्या वर गेली.

आत्या मात्र तिला विसरायला तयार नव्हत्या. "ह्ये झाड न्हाय, गुरुजी. पाव्हना हाय ह्यो. जेवायला बसला की उठत न्हाय."

मी विज्ञान शिकवायचो, आणि त्या वयात ते अंगात संचारलेलं असायचं. "आत्या, हे झाड कमी पाण्यावर जगतं."

"जगतंय कमी पान्यावर. पर भागतंय का तेवढ्यावर?"

मी हसून वेळ मारून नेली.

त्यांची भीती कुठून आली होती हे एकदा ज्वारी निवडताना त्यांनीच सांगितलं. तरुणपणी एका वर्षी हाच आड आटला होता. "मेंढरं घिऊन नदीकडं निगालो. लेक कडंवर व्हती. वाटंत ताप आला तिला. परत आलो तवा कडंवर कुनी न्हवतं." एवढंच बोलून त्या पुन्हा खडे वेचू लागल्या. परतल्यावर त्यांनी आडाशेजारी, आपल्या बाजूला, लेकीच्या नावानं कडुलिंब लावला होता. पाण्याला जाताना त्या त्याच्या खोडाला हात लावून मगच पुढं जात.

निलगिरीच्या चौथ्या उन्हाळ्यात गाठी भराभर उतरल्या. सात, सहा, पाच. आता मी दात घासायचं थांबून आकड्याची वाट बघू लागलो. वर्गात फळ्यावर लिहितानाही कानात आत्यांचा आवाज असायचा. शास्त्र कुठल्या कुठं गेलं होतं; मी सरळ घाबरलो होतो.

एके सकाळी आकडा आलाच नाही. "गुरुजी, हिकडं या," अशी हाक आली. आडात वाकून पाहिलं. दगडांच्या सांध्यातून केसांच्या गुंत्यासारखी मुळी बाहेर आली होती आणि पाण्याकडं लोंबत होती.

"आला बगा पाव्हना," आत्या हळूच म्हणाल्या.

"जरा चौकशी तरी करा," बायको म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो आणि कुऱ्हाड काढली. संध्याकाळपर्यंत झाड आडवं झालं. परसात दोन दिवस त्याचा वास भरून होता.

पाणी उतरतच राहिलं. चार. मग तीन.

पंधरा दिवसांनी माझी बादली आडात पडली. आत्यांनी गळ टाकून ती काढून दिली, तेव्हा गळाला त्या मुळीचा तुकडा अडकून आला. मेंढरांनी तोंड लावायच्या आधी पाला स्वतः चावून बघायचा, ही त्यांची जुनी सवय. तुकडा त्यांनी सहज दाताखाली धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. मीही एक तंतू चावला. कडूजहर होता. ती मुळी लिंबाची होती.

आत्यांनी लिंबाकडं पाहिलं, मग भिंतीला टेकवलेल्या माझ्या कुऱ्हाडीकडं. इतकं भ्यालेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"तुमचं झाड माज्यापायी गेलं, गुरुजी."

"राहू द्या, आत्या," मी म्हणालो. कुऱ्हाड उचलून घरात नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून आवाज आला, "गुरुजी, आज चार." आदल्या दिवशी तीन होत्या आणि आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. त्या आत गेल्यावर मी खुंटीवरचा दोर पाहिला. दोनच गाठी ओल्या होत्या. त्यांनी आजवर अर्ध्या गाठीचंही खोटं सांगितलं नव्हतं.

त्यानंतर रोज चार. बायको गढूळ पाणी तीन-तीनदा गाळायची आणि माझ्याकडं बघायची. आड आटला तर आम्ही कुठं जाणार, या विचारानं माझाही जीव उडालेला असायचा. तरी मी रोज भिंतीपलीकडं म्हणायचो, "बरं झालं, आत्या."

त्या उन्हाळ्यात आड दोन गाठींवर कसाबसा तगला. पावसाळ्यात निलगिरीच्या बुंध्याला तीन कोंब फुटले. शेरडांनी खाऊ नयेत म्हणून आत्यांनी त्यांच्याभोवती बाभळीच्या काट्यांचं, मेंढरं कोंडायच्या वाघरासारखं कुंपण घातलं. मला काही बोलल्या नाहीत.

पुढच्या चैत्रात त्या आजारी पडल्या आणि मुलगा त्यांना बारामतीला घेऊन गेला. महिन्याभरात त्या गेल्या. दिवस झाल्यावर मुलगा घर बंद करायला आला, तेव्हा त्यानं दोर माझ्या हातात दिला. "आई म्हनली, गुरुजींना द्ये. आनि लिंबाकडं बगा म्हनली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आडात दोर सोडला. वर ओढून गाठी मोजल्या. दोन ओल्या होत्या. भिंतीपलीकडं लिंबाला नवी पालवी आली होती.

"आत्या," मी तिकडं तोंड करून म्हणालो, "आज चार."