दोन नारळांचा पंखा

विमानाचं इंजिनियरिंग शिकून मी बोईसरच्या एका कारखान्यात पंखे करत होते. वर्गात मी एकटीच मुलगी. विमानवाल्यांनी मुलाखतीत कौतुकाने चहा पाजला आणि परत पाठवलं. वडील तारापूरच्या वीजकेंद्रात होते, तिथल्या कॉलनीत 'विमानवाली' हे नाव तेवढं पदरात पडलं.

हे पंखे घरातले नव्हेत. कारखान्यांचं गरम पाणी थंड करायला लागणारे, माणसापेक्षा लांब पात्यांचे. पातं विमानाचं आहे की पंख्याचं, हे हवा काही विचारत नाही. तसं मालकांना पटवून मी नवं पातं आखलं. मालक म्हणाले, "पंखा नीट चालला तर तुम्ही कायम. थरथरला तर घरी बसा." घरी साताऱ्याकडचं एक स्थळ वाट बघतच होतं, आणि वडिलांनी मला नोकरीत कायम व्हायला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती.

दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी पंखा चाचणीला सुरू केला आणि तो थडथडायला लागला. सगळे बघत होते ते माझ्याकडे. पंखा बंद करायला लावून वर चढले, तर एका पात्याच्या मुळाशी लाल फडक्यात नारळ, तारेने आवळलेला.

"मीच बांधला," आमचे उमरोळीचे फोरमन म्हणाले. "तुमचा पयला पंखा हाय. नजर लागाया नको."

"सोडा तो."

"पूजेचा नारळ हाय, बाई. वरीसभर नाय सोडायचा."

बाकी यंत्रांना ते दरवर्षी नारळ बांधत आणि काही बिघडत नसे, कारण ती यंत्रं गरागरा फिरत नाहीत. मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग. पण कोणी हात लावेना. शेवटी तोल साधायला मी तेवढ्याच वजनाचा दुसरा नारळ मागवला आणि बरोबर समोरच्या पात्याला तसाच फडक्यात बांधला. तरी जरा थरथर राहिली, म्हणून त्या फडक्यात थोडे नटबोल्ट कोंबले. मग पंखा गपगुमान फिरला.

मालकांनी हात जोडले, पंख्याला. मी कायम झाले. पात्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

घरी सांगितलं. वडील म्हणाले, "आता साताऱ्याला काय कळवायचं?"

माझ्या शिक्षणाबद्दल आईने तोवर बरंवाईट काहीच म्हटलं नव्हतं. तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "कळवा, मुलगी कामावर गेलीय."