ग्रीस केलं, पण गेलं का?

तुमच्या गाडीच्या पोटाखाली तुम्ही स्वतः शेवटचे कधी आडवे झालात?

नव्वदच्या दशकात देवासला आमच्या कॉलनीच्या मंडळाची एक जुनी जीप होती. कारखान्यांतल्या नोकऱ्यांसाठी महाराष्ट्रातून आलेली आम्ही सगळी कुटुंबं. जीप सगळ्यांची, म्हणून तिच्याखाली कुणीच शिरत नसे. दसऱ्याला मात्र झेंडूचा हार, बॉनेटवर हळदकुंकू, आणि पूजेआधी सेक्रेटरीकाका तिला खालूनसुद्धा काळा ऑइलपेंट देववत. खालून ती कोण बघणार होतं, देव जाणे. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिनांवर ग्रीसची निपलं असतात, वंगण आत भरायची बारीक तोंडं. ती दर वर्षी एकेका थराखाली बुजत गेली.

ताई बाळंतपणाला आली होती. डॉक्टरीण इंदूरची. नववा लागल्यावर तपासणीला नेताना जीप खड्ड्यात अशी आपटली की ताईने दोन्ही हातांनी पोट धरलं. पाटे हलतच नव्हते.

"वेळ आली तर बैलगाडीने जाईन," घरी आल्यावर ती म्हणाली. "हिच्यात बसणार नाही."

कॉलनीत दुसरी गाडी नव्हती. बाबांनी मंडळाची बैठक बोलावली. बाबा युनियनमध्ये, मी मुळाक्षरं पत्रकांवरच गिरवलेली, त्यामुळे बैठकीत गप्प बसणं मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी विचारलं, जीपला ग्रीस कधी केलं?

"दर महिन्याला करतो," सेक्रेटरीकाका म्हणाले. "जाऊन बघ, नुसतं टपकतंय."

"आत गेलं का, काका?"

"केलं म्हणतोय ना मी."

"तुम्ही केलं म्हणताय. मी गेलं का विचारतेय."

अध्यक्ष बाबांकडे वळले. "भिया, लडकी को समझाओ. जीपचं वय झालं आता, सांधे धरणारच."

सगळे हसले. ताईसाठी जाड गादी घ्यावी, असा ठराव एकमताने मंजूर झाला.

रविवारी बाबा आणि मी जीपखाली शिरलो. चेसिस जॅकने उचलून पाट्यांवरचा भार काढला, खाली लाकडी ठोकळे दिले. ओघळलेलं ग्रीस पुसलं तर खाली गुळगुळीत काळा रंग. ग्रीसची गन त्या रंगावरच दाबली जात होती आणि माल बाजूने निसटत होता. काकांचं टपकणं ते हेच. रंग खरवडला. निपलातली बारीक गोळी टाचणीने दाबली, हलेना. मग पान्याने निपलं काढून घासलेटात भिजत टाकली, आणि पिनांच्या भोकांत घासलेट सोडून सायकलच्या ब्रेकच्या तारेने सुकलेलं ग्रीस कोरून काढलं. ते मेणासारखं तुकड्यातुकड्यांनी निघालं.

सेक्रेटरीकाका चहाचा कप घेऊन वाकले. "रंग खराब करताय हं तुम्ही."

निपलं बसवून बाबांनी गन दाबली. पिनेच्या कडेने आधी घासलेट आलं, मग तांबडा गंज, मग नवं ग्रीस.

"गेलं," बाबा म्हणाले.

ताई त्याच जीपने इंदूरला गेली. जीप खड्ड्यांत झुलत होती आणि ताई निम्म्या वाटेत चक्क डुलक्या घेत होती. भाची झाली. मंडळाने अभिनंदनाचा ठराव केला. त्यात गादीचा खास उल्लेख होता.

तुमच्या घरातलं कुणी जुन्या गाडीतून दवाखान्यात जाणार असेल, तर आजच फडकं आणि घासलेट काढा. निपलांवरचा थर खरवडा, भार उचला, गन दाबा, आणि जुनं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत उठू नका.