गांगुर्डे सरांच्या बावीस मिरच्या

बाल्कनीत एक कुंडी आणली की वर्षभरात तिच्या बारा होतात. मुद्दाम कुणी आणत नाही, त्या होतात. आमच्या बिल्डिंगमधल्या किश्शांचंही तसंच झालं. पहिला मी सुमनला, म्हणजे बायकोला सांगितला. ती हसली नाही. चाळीस वर्षं ऐकतेय, तिचा दोष नाही. मग खाली पार्किंगमध्ये सांगितला. तिथे चारजण हसले आणि त्यातल्या दोघांनी आपापला एकेक वर जोडला. आता एवढे साठलेत की एखाद्याला वाटावं, ही सोसायटी आहे की तमाशाचा फड.

आमची बिल्डिंग नाशिक रोडला, चार मजल्यांची. मी तिसऱ्या मजल्यावर. शिक्षण सातवी, नोकरी फिटरची, ती पण आता संपली. लोक मला अण्णा म्हणतात, निदान तोंडावर. शेजारच्या फ्लॅटमध्ये मीनल आणि तिचा नवरा. मीनल कॉम्प्युटरवर घरूनच काम करते. दुसऱ्या मजल्यावर गांगुर्डे सर, रिटायर्ड गणिताचे मास्तर. त्यांच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर, सोसायटीचे सेक्रेटरी बोरसे. सर, मीनल आणि मी बाल्कनीत मिरची लावतो, तीही सेंद्रिय. आणि बोरसे बाल्कनीत पांढरे शर्ट वाळत घालतात. एवढं कळलं की पुढे भांडण का झालं ते वेगळं सांगायला नको.

*

सरांच्या बाल्कनीत बावीस मिरच्या. तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, फुटका माठ, एक बेबी टबसुद्धा. प्रत्येकावर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर रोल नंबर. रोज सकाळी सात वाजता सर वही घेऊन बाहेर येतात आणि हजेरी घेतात. कुणाला फूल आलं, कुणी पान टाकलं, सगळं लिहितात.

एकदा मी वरून वाकून बघत होतो. सर एका डब्यासमोर उभे राहून म्हणाले, "नऊ नंबर, तुझं लक्ष कुठे आहे?"

मी वरून आवाज बदलून म्हटलं, "खिडकीबाहेर, सर."

सरांनी वर बघितलं पण नाही. म्हणाले, "अण्णा, तुम्ही शाळेत असता तर मी लवकर रिटायर झालो असतो."

पण एक सांगून ठेवतो, सरांची चेष्टा मी एका मर्यादेपर्यंतच करतो. एकदा चहा पिताना ते सहज बोलून गेले होते, "अण्णा, माझ्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात मिरची तोडली. आमच्या नावावर कधी एक गुंठा नव्हता. हे बावीस डबे माझे आहेत." मी चहा संपवला. दुसरं बिस्कीट खाल्लं.

*

मीनलने कुठेतरी बघितलं की मिरचीला डोंगरातली माती चांगली. सर म्हणाले, मग पेठच्या बाजूची आणू. मी म्हटलं, मी पण येतो, माझ्या फिटरच्या हातांना तेवढंच काम.

पेठच्या अलीकडे एका शेताच्या बांधावर म्हातारा बसला होता. सरांनी त्याला अदबीने विचारलं, "काका, दोन गोण्या माती घेऊ का?"

म्हाताऱ्याने आमच्या रिकाम्या गोण्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "आमची पोरं माती सोडून नाशिकला गेली, नि तुमी नाशिकहून माती न्यायला आलात. गाडीत भेट नाय झाली का तुमची?"

तरी त्याने गोण्या भरून दिल्या, वर उचलून दिल्या. परत येताना एसटीत कंडक्टरने विचारलं, "गोणीत काय?"

सर खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "माती."

कंडक्टर माझ्याकडे वळला आणि हळूच विचारलं, "यांच्यासोबत तुम्हीच आहात ना? उतरताना हात धरा."

मी नाशिकचा द्वारका चौक येईपर्यंत सरांचा हात सोडला नाही.

*

मग माझी मिरची. माझ्या झाडाला मिरची येतच नव्हती. सरांची लवंगी लगडलेली, मीनलची ज्वाला लांब लांब लटकलेली, आणि माझं झाड नुसतं पानं हलवतंय. मंडईतून एक मुठीएवढी ढोबळी मिरची आणली, हिरव्या दोऱ्याने झाडाला बांधली आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला.

मीनल धावतच आली. "अण्णा, काय घातलंत?"

"आंबट ताक, चिमूटभर हिंग. आणि रोज सकाळी रेडिओवरच्या शेतीच्या बातम्या ऐकवतो. झाडाला पण कळायला हवं बाहेर काय चाललंय."

दुसऱ्या दिवशी तिच्या बाल्कनीत रेडिओ सुरू. आठवडाभर कांद्याचे भाव, टोमॅटोचे भाव, हवामान. तिचा नवरा मीटिंगमध्ये आणि मागे लासलगावची आवक.

शेवटी सर बघायला आले. चष्मा पुसला, वाकले, मिरची उलटी केली, सुलटी केली. म्हणाले, "अण्णा, ही मिरची हुशार आहे. हिला स्वतःचा एक देठ आहे आणि वर गाठ मारलेला दुसरा."

मीनल माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. रेडिओ मात्र बंद केला नाही, कारण तिच्या झाडाला खरंच जास्त फुलं आली होती.

*

मीनलचा सेंद्रिय जोर फार. तिने जीवामृत करायचं ठरवलं. त्याला शेण, गोमूत्र, गूळ, बेसन लागतं, आणि बादलीत भिजवून रोज ढवळायचं. शेण तिने ऑनलाइन मागवलं. खोक्यात, वर काचेच्या वस्तूंवर लावतात तसा जपून हाताळा म्हणून स्टिकर. गोठा आमच्या दोन गल्ल्या मागे आहे. मी गोठेवाल्याला ते खोकं दाखवलं तेव्हा तो बिचारा गंभीर झाला. म्हणाला, "अण्णा, ताईंना सांगा, माझ्याकडे ताजं आहे. एवढाच संकोच वाटत असेल तर मी गायच लिफ्टने पाठवतो."

पाचव्या दिवशी बादली पिकली. वास असा, की जिन्यात लोक एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. बोरसेंना वाटलं ड्रेनेज फुटलं. प्लंबर बोलावला. त्याने एक चेंबर उघडलं, काही नाही. दुसरं उघडलं, काही नाही. मी गॅलरीतून मार्गदर्शन करत होतो. "अजून खोल बघा. वास खालूनच येतोय."

तिसरं चेंबर बंद करून प्लंबर हात धूत बोरसेंना म्हणाला, "साहेब, तुमचं ड्रेनेज एकदम क्लीन आहे. एवढं क्लीन मी नाशिक रोडला कुठे बघितलं नाही. वास वर राहणाऱ्या लोकांचा आहे."

*

मग मिरच्यांवर कीड आली. पानं मुरडली, खाली पांढरे बारीक किडे. सरांनी वहीत बघून उपाय सांगितला: लसूण आणि हिरवी मिरची वाटायची, पाण्यात गाळायची, झाडावर फवारायची.

सुमन तेव्हा मीनलकडे कढीपत्ता न्यायला आली होती. म्हणाली, "किडे राहतात मिरचीवर, खातात मिरची. त्यांना मिरचीची भीती घालताय?"

सरांनी वही उघडली, परत बघितलं, आणि वही मिटली. पण मीनलने तोपर्यंत मिक्सर फिरवला होता. फवारा तयार झाला, किडे आणखी जाड झाले. मिक्सरचं भांडं तिने घाईत नुसत्या पाण्याने विसळलं आणि संध्याकाळी त्याच भांड्यात नवऱ्याने व्यायामाला जायच्या आधी केळ्याचं शेक केलं.

तो त्या दिवशी व्यायामाला गेला नाही. मी जिन्यात विचारलं, "काय रे, जिमला सुट्टी?"

"नको अण्णा," तो कपाळ पुसत म्हणाला, "घाम आलाय भरपूर."

*

हसण्याचे दिवस संपले ते बोरसेंच्या शर्टामुळे. सरांच्या डब्यातून गांडूळखताचं काळं पाणी ठिबकलं आणि थेट कॉलरवर. बोरसे वर आले. सरांनी माफी मागितली, शर्ट स्वतः धुऊन, इस्त्री करून दिला, आणि बावीस डब्यांखाली बावीस ताटल्या ठेवल्या.

चार दिवसांनी बोरसेंची नोटीस: ताटल्यांतल्या साठलेल्या पाण्यात डास होतात, ताटल्या काढाव्यात. सरांनी काढल्या. पाचव्या दिवशी नोटीस: पाणी खाली ठिबकते.

सरांनी मला दोन्ही नोटिसा दाखवल्या. म्हणाले, "अण्णा, या उदाहरणाला उत्तर नाही."

"आहे," मी म्हटलं. "पाणीच घालू नका."

"मग मिरच्या मरतील."

"बोरसेंच्या वहीत तेच उत्तर आहे, सर."

आणि तसंच निघालं. बोर्डावर तिसरी नोटीस लागली. रविवारी सकाळी दहा वाजता पार्किंगमध्ये सर्वसाधारण सभा. ठराव: बाल्कनीतील सर्व कुंड्या, डबे, बादल्या इत्यादी आठ दिवसांत काढून टाकणे.

मला आणि मीनलला वाईट वाटलं, पण आम्ही हौशी माणसं, उद्या दुसरं काही करू. सर मात्र दोन दिवस हजेरी घ्यायला बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले. वही नव्हती हातात. एकेका डब्याजवळ नुसते उभे राहिले.

आमच्या सोसायटीत ठरावाला विरोध करायची पद्धत नाही. सभेनंतर कढी-समोसे असतात. ठराव लवकर मंजूर झाला तर समोसे गरम मिळतात. त्यामुळे बोरसे "बाजूने कोण?" असं म्हणायच्या आधीच हात वर असतात. मागच्या वर्षी तर एकाने स्वतःच्याच पार्किंगची जागा काढून घ्यायच्या ठरावाला हात वर केला होता. मी घरोघर जाऊन सांगितलं, यावेळी हात खाली ठेवा. सगळे म्हणाले, "हो अण्णा, नक्की." प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून मला समोसाच दिसत होता.

*

रविवारी सकाळी नऊ वाजता मी सरांकडे बसलो होतो. सर भाषण पाठ करत होते. गणिताचा मास्तर, चाळीस वर्षं वर्गापुढे उभा राहिलेला, आणि पहिलीच ओळ परत परत वाचत होता.

बेल वाजली. दारात बोरसेंची आई. आजी सटाण्याकडच्या, अहिराणी बोलतात, आणि मुलगा सोडून सगळ्यांशी गोड बोलतात. त्यांना सोसायटीच्या राजकारणातलं काही माहीत नव्हतं. फक्त एवढं ठाऊक होतं, की आज आपल्या पोराला सगळ्या लोकांसमोर उभं राहून बोलायचंय.

"मास्तर," आजी म्हणाल्या, "सात लाल मिरच्या द्या बरं. पोऱ्यानी नजर काढनी शे. इतल्या लोकेसमोर जाई ऱ्हायना."

सर म्हणाले, "आजी, मी हे नजर वगैरे मानत नाही."

"तुमी नका मानू. मिरच्या द्या."

सरांना माणसाला नाही म्हणता येत नाही. घरात वाळवलेल्या लाल मिरच्या एकाच झाडाच्या शिल्लक होत्या, आसामची भूत जोलोकिया. मागच्या मोसमातल्या, कागदाच्या पुडीत ठेवलेल्या. सरांनी चिमट्याने मोजून सात काढल्या आणि बजावलं, "आजी, या फार तिखट आहेत. भाजीत अजिबात घालायच्या नाहीत."

"नई, भाजीत नई घालनी," आजी म्हणाल्या. मग मला समजावून सांगितलं, मी लहान असल्यासारखं. मिरच्या पोरावरून सात वेळा उतरायच्या आणि विस्तवावर टाकायच्या. ठसका आला नाही, म्हणजे नजर लागली होती, ती मिरचीने ओढून घेतली. ठसका आला, म्हणजे कुणाचीच नजर नाही.

मी खरं तर तिथे काहीतरी बोलायला हवं होतं. पण मोठ्या माणसाला मध्येच अडवणं मला बरं वाटत नाही.

दहा वाजता सगळे पार्किंगमध्ये. खुर्च्या मांडलेल्या, कोपऱ्यात समोशाचं पातेलं झाकलेलं. बोरसेंच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर आमच्या डोक्यावर, खिडकीत धूर बाहेर टाकणारा पंखा, आणि पंखा जोरात सुरू. बोरसे पांढराशुभ्र शर्ट घालून उभे राहिले. सर पहिल्या रांगेत, कागद गुडघ्यावर.

"ठराव क्रमांक एक," बोरसे म्हणाले. "बाल्कनीतील सर्व कुंड्या, डबे, बाद—"

आणि त्यांना ठसका लागला. त्यांनी पाणी घेतलं. तोवर मागच्या रांगेत तिघांना लागला. मग खजिनदारांना. मग सगळ्यांना. असं खोकणं मी कारखान्यात बॉयलर फुटला तेव्हा पण ऐकलं नव्हतं. बायकांनी पदर तोंडावर घेतले, पुरुषांनी रुमाल, ज्यांच्याकडे रुमाल नव्हता त्यांनी दोन्ही हात. मीनलच्या नवऱ्याने पिशवीत तोंड घातलं. सर डोळे मिटून खुर्ची धरून बसले होते.

बोरसे कर्तव्याला पक्के. डोळ्यांतून धारा, नाक लाल, पण नियम म्हणजे नियम. एक हात तोंडावर ठेवून त्यांनी कसंबसं विचारलं, "बाजूने... कोण... हात वर..."

आणि सगळ्यांकडे बघितलं. पार्किंगमध्ये साठ माणसं होती. एकशे वीस हात तोंडावर, नाकावर, डोळ्यांवर, खुर्चीवर, पिशवीत. वर एकही नाही. बोरसेंचा स्वतःचा पण नाही.

खजिनदारांनी खोकत खोकत नोंदवहीत लिहिलं: बाजूने शून्य.

तेवढ्यात वरची खिडकी उघडली आणि आजी बाहेर वाकल्या. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तोंडावर पदर धरून त्या खाली ओरडल्या, "पोऱ्या, घाबरू नको. कोनीच नजर नई शे तुनावर. या बिल्डिंगना लोके भलता चांगला शेतस. मास्तर, मिरच्या आखो सात शेतस का? उद्या सूनबाईनी काढस."