सरा की बाजूला

वडील गेले तेव्हा मी रडले नाही, पुढे कित्येक महिने नाही. पोरगी घट्ट आहे, असं पाव्हणेरावळे म्हणाले. घट्ट कसली, दात काढल्यावर गाल बधिर होतो तशी मी सगळीच झाले होते.

आईची तऱ्हा वेगळी. भिंतीवर फोटो होता, त्याला हार होता, पण भाकरी थापता थापता ती म्हणायची, "आवाज इसराय लागलाय मला त्येंचा." आमच्याकडे वडिलांचा आवाज कुठंच भरून ठेवलेला नव्हता.

मग मुरगूडच्या मावसभावाचा फोन आला. तिथल्या जत्रेतल्या कुस्त्यांचा व्हिडिओ कुणीतरी इंटरनेटवर टाकला होता आणि गर्दीत वडील दिसत होते. मी नेट कॅफेत जाऊन तो डाउनलोड केला, पेनड्राइव्हवर घेतला आणि घरी डीव्हीडी प्लेअरला जोडला.

आई हात पुसत येऊन वडिलांच्या खुर्चीशेजारी बसली. खुर्ची मोकळीच. ते टीव्ही बघत असताना त्या खुर्चीपुढून जायची आमची छाती नसायची. कुणी आडवं आलं की पोटच्या पोरीलाही ते 'पावणं' म्हणायचे. एरवी परक्याला मानानं म्हणायचा हा शब्द, पण घरात कानावर आला की पारा चढलाय हे आम्ही ओळखायचो.

चित्र आलं. लाल माती, फेटे, आणि कडेला हात झाडत काहीतरी बोलणारे वडील. आवाज मात्र नव्हता. आईनं रिमोट घेऊन आवाज शेवटच्या रेघेपर्यंत नेला.

"काय म्हणत्यात गं?"

मला कुठं माहीत? कॅफेतला हेडफोन मोडका होता. तिनं तेवढाच तुकडा मला पुन्हा पुन्हा लावायला लावला आणि शेवटी स्वतःच ठरवलं, "जेवलीस का, म्हणत्यात." कुस्तीच्या फडात कोण कुणाला असं विचारतंय? पण मी पेनड्राइव्ह काढून घेतला. मला वाईटसुद्धा वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॅफेवाल्यानं ती फाइल आमच्या प्लेअरला आवाजासकट कळेल अशी करून दिली. संध्याकाळी लावली तर चित्रच थरथरायला लागलं. मागची वायर ढिली झाली होती. ती दाबून धरायला मी उठले आणि टीव्हीपुढे वाकून उभी राहिले. टीव्हीचा आवाज कालच्यासारखाच शेवटच्या रेघेवर होता.

"ओ पावणं, सरा की बाजूला. दिसंना झालंय."

मी सरकले. वळून न बघता, मान खाली घालून, नेहमीसारखी. भिंतीला टेकले तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला की आवाज टीव्हीतून आला होता, आणि मग जे रडू फुटलं ते आवरेना.

आईनं माझ्याकडे बघितलंही नाही. पदर सारखा करून ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "सरली ती. बघा आता."