बारा महिन्यांची लहानशी शिक्षा

माझ्या धाकट्या बहिणीला चोर ठरवलं ते दिव्यांच्या माळांच्या एका खोक्यापायी. गणपती तोंडावर आले होते आणि अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या आमच्या मराठी मंडळाच्या सजावटीचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. दुकानात तिने सामानाची गाडी भरली, मशीनवर स्वतःच एकेक वस्तू स्कॅन केली, पैसे भरले. गाडीच्या खालच्या कप्प्यातला खोका तेवढा राहून गेला. दाराशी गार्डने अडवलं, तर बाईसाहेबांनी काय करावं? चांगल्या वळणाच्या मुली करतात तेच! मान डोलावली आणि म्हणाली, "सॉरी, सॉरी, माझंच चुकलं." झालं. त्या मेल्याने 'गुन्हा कबूल केला' असं सांगून पोलीस बोलावले. हातकड्या घातल्या, बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला.

मी तिला सोडवून घरी आणलं तेव्हा ती एकच गोष्ट घोकत होती. "ताई, माझं ग्रीन कार्ड?" ती इथे वर्क व्हिसावर नोकरी करत होती आणि ग्रीन कार्डची फाइल सुरू होती. नवऱ्यामागून आलेल्या मला हा देश कधी धड आवडला नाही. तिला मात्र जीव की प्राण. इथेच राहायचं, एवढंच तिला हवं होतं.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता वकीलबाईंना फोन लाव. तिची ग्रीन कार्डची केस बघणाऱ्या बाई मराठीच, आमच्याच मंडळातल्या, हुशार. पण नेमकी तिथेच माशी शिंकली. "मंडळात कळलं तर तोंड कसं दाखवू?" म्हणून ती रडायला लागली आणि तिने फोन केला तो काकांना.

काका म्हणजे मंडळाचे जुनेजाणते, रिटायर्ड डॉक्टर, कधीचे अमेरिकन नागरिक झालेले. घशाचं ऑपरेशन असो की घराचं कर्ज, त्यांना विचारल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. सोफ्यावर ऐसपैस बसून त्यांनी आम्हाला कायदा शिकवला. "मोठा गुन्हा तो फेलनी, लहान तो मिसडिमीनर. पाचशे डॉलरच्या आतली दुकानातली चोरी मिसडिमीनर. जास्तीत जास्त बारा महिने, आणि तेही कोणी खरोखर आत टाकत नाही. प्ली घे, म्हणजे कोर्टात गुन्हा कबूल करून टाक, आणि मोकळी हो, बेटा."

"आणि वकीलबाई?" मी विचारलं.

"त्यांना कशाला? उगाच बभ्रा होईल. हा स्टेटचा मामला आहे, इमिग्रेशनचा काय संबंध?"

संबंध! माझं डोकंच फिरलं. मी तोंडावर म्हटलं, "काका, तुम्ही हाडांचे डॉक्टर, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" त्यावर बहिणीनेच मला गप्प केलं. मोठ्या माणसांशी असं बोलतात का, म्हणे. वर कुणाला सांगणार नाही अशी माझ्याकडून शपथ घेतली. काकांनीच कुठलातरी स्वस्तातला वकील गाठून दिला. त्याने कोर्टात तिला "नागरिक आहेस का?" असं एकदाही विचारलं नाही.

कोर्टात तिच्या आधी एक इथलीच मुलगी उभी होती. तिने परफ्यूम मुद्दाम चोरून पर्समध्ये घातला होता आणि ते ती लपवतही नव्हती. तिला बारा महिन्यांची शिक्षा झाली, पण कागदावरच. तुरुंगात जायचं नाही, दंड भरा, पुन्हा असं करू नका. माझ्या बहिणीलाही अक्षरशः तेच. ती मुलगी च्युइंगगम चघळत निघून गेली. काका पार्किंगमध्ये मला म्हणाले, "बघ, उगाच घाबरवत होतीस."

पुढे ग्रीन कार्डच्या कामात ठसे जुळले आणि प्रकरण वकीलबाईंसमोर गेलंच. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. स्टेटच्या लेखी हा गुन्हा लहान, पण इमिग्रेशनचा कायदा आपलं माप वेगळं लावतो, असं त्यांनी सांगितलं. चोरी आणि वर्षभराची शिक्षा, मग ती भोगायची नसली तरी, तिथे सगळ्यात वाईट गुन्ह्यांच्या रांगेत जाऊन बसते. "आधी सांगितलं असतंत तर मी बारा महिन्यांच्या आतली शिक्षा मागून घ्यायला लावली असती. इतक्या किरकोळ केसमध्ये देतात हो ते!" निकाल फिरवायला त्यांनी अर्ज केला. जज नाही म्हणाला. नोकरी गेली, ग्रीन कार्ड गेलं, देश सोडायची वेळ आली.

निघायच्या दिवशी काका दारात हजर. हातात काकूंनी केलेल्या लाडवांचा डबा. "असं कसं झालं गं? गुन्हा तर लहानच होता ना?"

बहीण सवयीने वाकून नमस्कार करायला पुढे झाली. मी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं.

"काका," मी म्हटलं, "तुमच्याकडे इथला पासपोर्ट आहे. तुम्ही खरोखर चोरी केली असतीत तरी दंड भरून आज गोल्फ खेळत असता. हिने चोरी केलीच नाही, आणि ही चाललीये."

मी दार लावलं. मागून तिचा आवाज आला, "ताई, त्यांना निदान पाणी तरी विचारायचं होतंस."