पट्टा फुगला की भांडण बंद

बजाजनगरच्या संघपाल गंगावणेला घाबरवणं सोपं नाही. तो कंपनीची बस चालवतो. चिकलठाण्याहून कामगार भरायचे, जालना रोडची गर्दी कापत वाळूजला सोडायचे. समोरून उलट्या बाजूनं उसाचा ट्रॅक्टर आला तरी त्याच्या कपाळावर आठी उमटत नाही. पण यंदाच्या तपासणीत डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला आणि ब्लड प्रेशरचा आकडा एकशे सत्तरवर गेला. थोडा वेळ शांत बसवून पुन्हा मोजलं, तर आणखी वर.

फिटनेसचा नवा दाखला अडला; जुना महिनाअखेरपर्यंतच चालणार होता. दाखला नाही तर स्टिअरिंग नाही. मग गेटवर स्टूल टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डब्यांची झडती घ्यायची. संघपालला त्यापेक्षा ट्रॅक्टर परवडला.

डॉक्टर मनस्विनी यांना शंका वेगळीच होती. काही माणसांचं प्रेशर दवाखान्यात पाऊल टाकलं की वाढतं, एरवी ठीक असतं, असं त्यांनी सांगितलं. खरं काय ते कळल्याशिवाय गोळी सुरू करण्यात अर्थ नव्हता. म्हणून त्यांनी त्याच्या दंडाला एक पट्टा बांधला आणि त्याची नळी कमरेच्या डबीला जोडली. दिवसभर आणि रात्रभर पट्टा अधूनमधून आपोआप फुगणार. तेवढा वेळ बस चालू असली तर बाजूला घ्यायची, हात सैल सोडायचा, हलायचं नाही, बोलायचं नाही. बाकी सगळं नेहमीसारखं.

त्यानं हे फोनवर बायकोला, करुणाला, जसंच्या तसं सांगितलं. करुणाला शेवटची अट पटली नाही.

"नेहमीसारखं वागूनच तर वाढलं असंल," ती म्हणाली आणि चप्पल घालून गल्लीत निघाली.

तिची पहिली थाप पडली शेजारच्या सर्जेरावांच्या दारावर. सर्जेरावांची रिक्षा संघपालच्या दारात उभी असते. त्यावरून दोघांचं रोज संध्याकाळी भांडण होतं आणि ते इतकं वेळेवर होतं, की आवाज चढला की समोरच्या रूपालीताई कुकर लावतात.

त्या संध्याकाळी संघपाल घरी आला, तर दार मोकळं. रिक्षा पार कोपऱ्यावर. सर्जेराव हात बांधून उभे.

"या. दमला असाल," ते म्हणाले.

सर्जेरावांनी त्याला आजवर कधी अहो-जाहो केलं नव्हतं. संघपाल घाईनं आत गेला. रूपालीताईंनी बिनसाखरेची खीर पाठवली होती. विहारातले दोघे भेटायला आले, जयभीम घातला, आणि त्यातल्या एकानं त्याचा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडलाच नाही. करुणानं अळणी पिठलं वाढलं आणि पंखा त्याच्याकडं वळवला. डॉक्टरांनी आपल्याला न सांगता हिला काहीतरी सांगितलंय, याबद्दल त्याची खात्री पटली. विम्याचे कागद कपाटात कुठं आहेत ते त्यानं तिला सांगून ठेवलं. ती रडायला लागली. मग तर शंकाच उरली नाही. झोप कसली लागते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डबीतला आलेख संगणकावर उघडला आणि चष्मा वर केला.

"बसवर असताना नॉर्मल, घरात शिरल्यापासून वर. रात्री प्रेशर उतरायला हवं, ते उतरलंच नाही. घरी झालं काय?"

"काही नाय, मॅडम," संघपाल म्हणाला. "सगळे लई चांगलं वागले."

सगळा प्रकार कळल्यावर त्यांनी ही तपासणी बाद ठरवली आणि पुन्हा करायला सांगितली. करुणा पुन्हा दारोदार फिरली; कुणीही चांगलं वागू नये, अशी विनंती करत.

पंचाईत झाली ती सर्जेरावांची. रिक्षा दारात लावली, समोर उभे राहिले, पण शब्द फुटेना.

"काय बोलू?"

"रोजचंच बोला, दादा," संघपाल म्हणाला.

"रोजचं काय ठरवून बोलतो व्हय मी?"

गेटवरचं स्टूल संघपालला दिसायला लागलं. शेवटी त्याचं लक्ष चाकाकडं गेलं.

"एवढी वर्षं रिक्षा चालवता, चाक नालीत गेलंय ते कळत नाय तुम्हाला?"

सर्जेरावांचे कान लाल झाले. नाली कुणाची, दार कुणाचं, रस्ता कुणाच्या बापाचा, सगळं ओळीनं निघालं. ऐन भरात डबी घुर्रर्र झाली. संघपालनं हात सैल सोडला आणि तोंड मिटलं. सर्जेरावही थांबले, उगारलेलं बोट तसंच हवेत धरून. पट्टा फुगला, सावकाश उतरला.

"झालं?" सर्जेरावांनी विचारलं.

"व्हय."

"मी कुठं होतो?"

"नालीवर."

"हां. तर नाली काय तू खोदली का?"

त्या रात्री संघपाल घोरत झोपला.

आलेखात भांडणाच्या जागी उंचवटा होताच. जिना चढताना, भांडताना कुणाचंही वाढतं आणि परत उतरतं, डॉक्टर म्हणाल्या. आपण पाहतो ती सरासरी, आणि ती ठीक होती. रात्री प्रेशर उतरलंही होतं. गोळी नको. मात्र लोणचं-पापड कमी करायचं आणि अधूनमधून घरी मोजत राहायचं, कारण दवाखान्यात प्रेशर वाढणाऱ्या माणसांना पुढं खरोखरचा त्रास जडू शकतो. त्यांनी दाखल्यावर सही केली.

दाखला खिशात घालून संघपाल घरी आला, तर रिक्षा अशी आडवी लावलेली की आत शिरायला अंग चोरावं लागत होतं. तपासणी संपली, आता काढा, असं त्यानं नीट सांगून पाहिलं. सर्जेराव मागच्या सीटवर पाय लांबवून बसले होते.

"डॉक्टरीणबाई काय म्हणल्या? नेहमीसारखं राहायचं," ते म्हणाले. "तुझ्या तब्येतीसाठी लावलीय."

संघपालनं दाखल्याचा खिसा वरून एकदा चाचपला आणि बाह्या सरसावल्या. समोर रूपालीताईंनी कुकर लावला.