मसणवटीतली हिरवी तूर

जेवण झाल्यावर प्रयोगशाळेतल्या टेबलावर डोकं टेकतो. पाचच मिनिटं, असं स्वतःला खोटं सांगतो. थोड्या वेळाने वाणनिवड समिती येणार आहे. पंखा खरखरतो, डोळे जड होतात, आणि समोरच्या स्टुलावर सुलभा रेणापूरकर बसलेली दिसते. गेल्या उन्हाळ्यात, वळवाच्या पावसात, जीप उलटून ती गेली. कपाळावरची खोक तशीच आहे. माझ्या डब्यातलं उरलेलं लोणचं ती बोटाने चाटतेय.

"काय करायलास रे गोवर्धन?"

"झोपलोय."

"झोप की! तुला दोनच कामं. मारायचं आणि झोपायचं."

खरं आहे. आमच्या कृषी संशोधन केंद्रात ती तुरीचे वाण जन्माला घालायची आणि मी ते मारून बघायचो. त्यासाठी एक वेगळं शेत आहे, त्याला सगळे मसणवट म्हणतात. मर रोगाने वाळलेली झाडं आम्ही दरवर्षी तिथेच गाडतो, म्हणजे मातीत रोग टिकून राहतो. त्या मातीत जो वाण जगेल तोच शेतकऱ्याला द्यायचा. शेजारच्या ओळीत एक नाजूक वाण मुद्दाम लावतात. तो मेलाच पाहिजे. तो मेला की माती खरी.

सुलभाचा वाण यंदा जगलाय. आणि आज सकाळी मला दिसलं, की शेजारची नाजूक ओळही हिरवीगार आहे.

"ती कशी काय जगली?" ती विचारते. आता आम्ही मसणवटीत आहोत. टेबल मात्र अजून माझ्या कोपराखाली आहे.

"बांध फुटला होता त्या कोपऱ्याचा. तू गेलीस त्याच पावसात. आम्ही कुणी शुद्धीवर नव्हतो गं. ट्रॅक्टरवाल्याने नदीकाठची ताजी, बिनरोगाची माती आणून खड्डा भरून टाकला."

"म्हणजे माझ्या वाणाची परीक्षाच झाली नाही."

"कुणाला कळतंय? तुझ्या नावाने निघेल तो. आयुष्य घातलंस त्यात."

तिच्या हातातली तुरीची वाळकी काटकी, तुराटी, सणसणीत तोंडावर बसते. ओठ फाटतो.

"माझ्या नावाने लोकांची तूर वाळवतोस? ऐन शेंगा भरताना?" दुसरी बसते ती कानावर. "कीव करायलास माझी, मुडद्या?"

मेलेली बाई मला मुडदा म्हणते, आणि माझं डोकं फिरतं. मी तिचं मनगट पिरगाळतो. "तू कशाला मेलीस मग? कोणी सांगितलं होतं त्या पावसात जीप काढायला?" मी तिला ढकलतो. ती डांबरी रस्त्यावर आपटते. शेजारी जीप उलटी पडलीय, चाक गरगर फिरतंय. रस्ता फोडून तूर उगवलीय, ओळीच्या ओळी.

ती रक्त पुसत उठते. "उपट."

"नाही."

"उपट म्हणते ना!"

मी उपटतो. मुळं सोडत नाहीत. दोन्ही हातांनी पिळून, हिसडून काढतो, तर मुळांसोबत गाडीच्या काचा वर येतात. मी रडतोय, शिव्या देतोय, उपटतोय. ती मानगूट धरून मला खाली दाबते. तोंडात माती जाते.

"चव घे. रोग लागतोय का?"

"नाही," मी थुंकत म्हणतो.

"मग पुढच्या खेपेला खऱ्या मसणवटीत पेर. मेला तर मरू दे."

"आणि तुझं काय उरेल?"

तिची पकड ढिली होते. "मी मेलेच आहे रे," ती म्हणते, अगदी हळू. मी तिचा हात धरतो, मला तो सोडवत नाही.

"साहेब, समिती आली," शिपाई दारातून सांगतो. मी धडपडत उठतो. अध्यक्ष हसत आत येतात, हात पुढे करतात. "अभिनंदन! बाईंचा वाण तरला म्हणे."

मी हात देतो आणि तळहातात काहीतरी फुटतं. भला मोठा फोड आहे, दिवसभर झाडं उपटल्यावर येतो तसा. त्याचं पाणी अध्यक्षांच्या बोटांना लागतं. ते दचकून हात मागे घेतात.

"हे काय झालं?"

"तरला की नाही, ते अजून कुणालाच माहीत नाही," मी म्हणतो. "चला, आधी शेजारची ओळ दाखवतो."